पांदण, मुरूम आणि रविवारची टोळी

या खेपेला आलेले बहुतेक प्रश्न एकाच विषयाचे निघाले: थंडी, टेकड्या आणि जाड टायरच्या सायकली. मला याचा मनापासून आनंद झाला. नागपुरात मे महिन्यात कुणाला सायकलवर टेकडी चढायला सांगणं म्हणजे छळ. पावसाळ्यात आपली काळी माती टायरला असा लेप चढवते की चाकच फिरेनासं होतं. राहतो तो हिवाळा. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मुरूम घट्ट बसलेला असतो, नाले ओलांडता येतात, गवत पिवळं पडून वाट उघडी होते. मी आठवडाभर शाळेत भूगोल शिकवते आणि रविवारी टोळीबरोबर टेकड्यांवर असते. उत्तरांत दोन्ही येणारच.

प्रश्न : ताई, दिवाळीनंतर आम्ही ऑफिसातल्या पाच जणांनी दर रविवारी एमटीबी (माउंटन बाइक) घेऊन शहराबाहेर जायचं ठरवलं. सगळ्यात हळू मी. चढावर बाकीचे पुढे जाऊन थांबतात आणि मी धापा टाकत पोचले की लगेच निघतात. थंडी वाढल्यापासून दोघांनी यायचंही सोडलंय. मला टेकड्या फार आवडतात, पण माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो असं वाटतं. सोडून द्यावं का?
— वय २७, मनीषनगर

उत्तर : अजिबात सोडू नकोस. ‘मी पोचले की लगेच निघतात’ असं तू लिहिलंस, सगळं दुखणं तिथंच आहे. तुझ्या पायांत काही खोट नाही. पुढे पोचलेल्यांना पाच मिनिटं विसावा मिळाला, तुला काहीच नाही. असे तीन-चार चढ झाले की जिला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, तीच एकटी न थांबता सायकल मारत असते. मग ती आणखी मागे पडते आणि दोष स्वतःला देते. आमच्या टोळीत नियम आहे: शेवटचा माणूस आला, त्याचं पाणी पिऊन झालं, श्वास जागेवर आला, आणि तो स्वतः ‘चला’ म्हणाला की निघायचं. तोवर पेडलवर कुणाचाही पाय जाणार नाही. हा नियम आला आणि आमच्यातली गळती थांबली.

दुसरं, रांग. सगळ्यात हळू चालवणाऱ्याला शेवटी ठेवायचं नाही, दुसऱ्या जागी ठेवायचं. पुढच्याला त्याच्या श्वासाचा आवाज ऐकू येतो, वेग आपोआप आवरतो. शेवटी असावा टोळीतला सगळ्यात दमदार गडी, पंप, पाने आणि जास्तीची ट्यूब घेऊन. फाटा आला की थांबायचं आणि मागचा दिसल्याशिवाय वळायचं नाही. आपल्याकडच्या पांदणींना, म्हणजे शेतांमधल्या बैलगाडीच्या वाटांना, पाट्या नसतात, आणि डिसेंबरात तूर डोक्याएवढी झालेली असते. वावराच्या कडेनं वळलेला माणूस दहा पावलांवरूनही दिसत नाही.

तिसरं मी फार आग्रहानं सांगते: महिनाभर एकच वाट धरा. दर आठवड्याला नवी जागा शोधायची हौस असते, पण मग दर रविवारी नकाशा, चुकलेला फाटा आणि ‘अजून किती’ यातच सकाळ जाते. एकाच वाटेवर पुन्हा पुन्हा गेलं की ती हाताला लागते. कुठल्या वळणाला गिट्टी सैल आहे, कुठल्या नाल्यात अजून ओल आहे, कुठल्या घराचं कुत्रं मागे धावतं, हे सगळं पाठ होतं, आणि अंग सैल पडतं.

झिलपी तलावाच्या बाजूला एक छोटा चढ आहे. आमच्यातल्या बँकेत नोकरी करणाऱ्या मैत्रिणीची सायकल तिथं दर वेळी एकाच काळ्या दगडापाशी थांबायची. एका रविवारी आम्ही दोघी-तिघी वर न जाता त्या दगडाजवळच उभ्या राहिलो आणि नुसतं बघितलं. दगड दिसला की ती सीटवरून उठून पेडलवर उभी राहायची. वजन पुढे गेलं की मागचं चाक हलकं व्हायचं, सुट्या मुरमावर जागच्या जागी गरगरायचं आणि सायकल थांबायची. तिला सांगितलं, उठू नकोस. सीटच्या अगदी पुढच्या टोकावर बस, कोपरं वाकव, छाती हँडलकडे आण. गिअर चढ लागायच्या आधीच हलका कर, मधे बदलायला जाऊ नकोस. आणि दगडाकडे बघू नकोस, दगडाच्या पलीकडे बघ. पुढच्या खेपेला चाक दगडाला घासून वर गेलं. ती वरून ओरडली, आणि आम्ही खाली सगळ्यांनी तिच्याहून जास्त आरडाओरड केली. रोज नवी वाट धरली असती तर तो दगड कळला नसता, त्याचं कारणही कळलं नसतं.

थंडीचं बोलायचं तर वेळ बदला. पहाटे पाचला भेटणारी टोळी जानेवारी बघत नाही. डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य सातला दहा कमी असताना उगवतो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा सकाळी अंधारात सायकल काढण्यात कसलाही पराक्रम नाही. सातला भेटा, उन्हात निघा. वेळ आणि जागा शनिवारी रात्री नऊला पक्की करायची आणि त्यानंतर ग्रुपवर चर्चा बंद. सकाळी सहाला ‘कोण कोण येतंय?’ असा मेसेज पडला की पांघरुणातून हळूच एकेक ‘आज नाही जमत’ बाहेर येतं. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू असताना भेटायची जागा सिव्हिल लाइन्सकडे ठेवू नका, बॅरिकेडमध्येच अर्धा तास जाईल.

आणि तर्री पोहे परतताना, आधी नाही. चढावर तर्री घशाशी येते. पण परतताना सगळ्यांनी मिळून एका ठेल्यावर थांबायचंच, ती सुटता कामा नये अशी गोष्ट आहे. न येणाऱ्या दोघांना परत आणायला व्यायामाचे फायदे सांगू नकोस, पोह्यांचं आमंत्रण दे. हे पत्र मला लिहिलंस तसंच मोकळेपणानं टोळीलाही सांग. बहुतेकांच्या लक्षातच आलेलं नसतं.

प्रश्न : दर फेरीला पंक्चर! मागच्या महिन्यात मागची ट्यूब बदलली, तरी दुसऱ्याच दिवशी हवा गेली. टायरमध्ये काटा दिसत नाही. काय करू?
— हिंगणा रोड

उत्तर : दिसत नाही म्हणजे नाही असं नव्हे. बाभळीचा काटा बाहेरून तुटतो आणि टोक टायरच्या आत राहतं. हवा कमी असताना ते आत दबलेलं असतं, हवा भरली की ट्यूब जाऊन त्यावर टेकते. बोटानं चाचपू नका, बोट फाटेल. कापसाचा छोटा बोळा घ्या आणि टायरच्या आतून सावकाश पूर्ण फेरी फिरवा. जिथं कापसाचा तंतू अडकेल तिथं टोक आहे. नखं काढायच्या चिमट्यानं नाही निघालं तर बाहेरून जाड सुईनं ढकला. नवी ट्यूब घालण्याआधी हे प्रत्येक वेळी करायचं. कापूस पिकवणाऱ्या भागात याची सबब चालणार नाही.

ट्यूबला भोक कसं आहे तेही बघा. एकच बारीक भोक असेल तर काटा. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर काट्याचा दोष नाही. हवा कमी होती आणि दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चेमटली. यात हिवाळ्याची एक गंमत आहे. संध्याकाळी घरात अठ्ठावीस अंशांत ३० पीएसआय (पंपाच्या काट्यावरचं हवेच्या दाबाचं माप) हवा भरली आणि सकाळी दहा अंशांत बाहेर पडलात, तर कुठंही गळती नसताना अडीचएक पीएसआय कमी झालेली असते. थंड हवा आकसते. म्हणून हवा निघायच्या वेळी, बाहेरच्या गारव्यात मोजा. सत्तर किलोच्या माणसाला सव्वादोन इंची टायर आणि ट्यूब असेल तर मुरमाच्या वाटेवर तीसच्या आसपास बरी पडते. टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेत राहा.

पंक्चर वाटेतच काढायची वेळ आली तर सोल्यूशन लावून घाई करू नका. थंडीत ते सुकायला जास्त वेळ लागतो. ओलं असतानाच ठिगळ चिकटवलं की पुढच्या उतारावर सुटतं. तेवढ्या वेळात थर्मासातला चहा संपवा.

वाटेवर नजर ठेवा, हे तर आहेच. गोखरूचा सराटा पांदणीच्या कडेला, मधल्या गवताच्या पट्ट्यात जास्त. बैलगाडीच्या चाकोरीतून चालवलं तर निम्मा त्रास कमी होतो. इतकं करूनही भागत नसेल तर ट्यूबलेस करून घ्या. त्यातलं लॅटेक्सचं सीलंट बारीक भोक जागीच बुजवतं. पण आपल्या उन्हाळ्यात ते लवकर वाळतं, तेव्हा हिवाळा सुरू होताना टायर उघडून बघा. आत नुसती पापुद्र्यासारखी खपली निघाली तर नवं भरा.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. मित्रांबरोबर टेकडीवर जायला त्याला दोन्हीकडे शॉकअप असलेली, खूप गिअरची सायकल हवी आहे. किंमत ऐकून छाती दडपली. घ्यावी का?
— एक वडील, नंदनवन

उत्तर : दादा, नको. आपल्या टेकड्या सपाट माथ्याच्या, बसाल्टच्या, फार उंच नाहीत. पुढे साधा शॉकअप आणि मागे घट्ट फ्रेम असलेली सायकल भरपूर झाली. स्वस्तातला मागचा शॉकअप नुसतं वजन वाढवतो आणि चढावर पोराची ताकद खातो. पैसे घालायचेच तर तीन ठिकाणी घाला: चांगले डिस्क ब्रेक, चांगले टायर आणि हेल्मेट. गिअरचा आकडा विसरा, सगळ्यात हलका गिअर चढाला पुरेसा हलका आहे का तेवढं बघा. मापही महत्त्वाचं. वरच्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय जमिनीवर टेकवून उभं राहिल्यावर दांडीच्या वर दोन-तीन इंच जागा सुटली पाहिजे. ‘वाढतं वय आहे, मोठीच घेऊ’ हे चपलांना चालतं, इथं नाही.

त्याला एक गोष्ट मात्र जरूर सांगा. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुण जुन्या, जड सायकली घेऊन डोंगरउतारावरून शर्यती लावत. ऑक्टोबर १९७६ मध्ये त्यांची पहिली शर्यत झाली. मागच्या चाकाच्या मध्यभागी, हबमध्ये, असलेल्या ब्रेकचं ग्रीस उतारावर इतकं तापायचं की जळून जायचं. खाली पोचल्यावर हब उघडून ते पुन्हा भरावं लागे. त्याच खेळातून वीस वर्षांत, १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये, माउंटन बाइकची शर्यत आली. सुरुवात महागड्या सायकलनं झालेली नाही, दोस्तांच्या टोळीनं झाली. आणि तेव्हाही अडचण होती ती ब्रेकची!

प्रश्न : वय ६३, निवृत्त. सकाळच्या फेरफटक्याचे आम्ही चार मित्र आता सायकल घेऊन फुटाळा, सेमिनरी हिल्सकडे जाऊ म्हणतोय. गुडघे कुरकुरतात, थंडीत दम लागतो. जमेल का?
— त्रिमूर्तीनगर

उत्तर : काका, चौघं आहात ना, मग जमेल. आधी एकदा डॉक्टरांकडून रक्तदाब आणि हृदय तपासून घ्या. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, दाब चढतो, म्हणून ही तपासणी टाळू नका. छातीत दुखलं किंवा जड वाटलं तर तिथल्या तिथं थांबायचं, हे चौघांनी एकमेकांना आत्ताच सांगून ठेवा. निघायची वेळ आठ. पहिली दहा मिनिटं सपाट रस्त्यावर, गप्पा मारता येतील इतक्याच वेगानं. चढावर वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला, किंवा उतरून चालायची वेळ झाली. चालण्यात कमीपणा नाही.

गुडघ्यांची कुरकुर पुष्कळदा सीट फार खाली ठेवल्यानं वाढते. टाच पेडलवर ठेवा, पेडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. प्रत्यक्ष चालवताना पंजा ठेवला की गुडघ्याला हवा तेवढा बाक आपोआप मिळतो. जड गिअरवर दाबत बसू नका, हलक्यावर भराभर फिरवा. गुडघे झाकलेले असू द्या.

अंगात सगळ्यात आत सुती बनियन नको. ती घामानं भिजते आणि उतारावर वारा लागला की अंगावर बर्फ ठेवल्यागत होतं. पातळ लोकरी किंवा खेळाचा टी-शर्ट आत, वर विंडचिटर. चढावर त्याची चेन उघडायची, उतार सुरू होण्याआधी गळ्यापर्यंत लावायची. हातमोजे हवेतच, बधिर बोटांना ब्रेकचा अंदाज येत नाही. थंडीत तहान कळत नाही, म्हणून थांबाल तिथं दोन घोट पाणी प्या. खिशात तिळाची चिक्की ठेवा.

प्रश्न : आम्ही कॉलेजचे पोट्टे. गोरेवाडा, बोर, पेंचकडच्या जंगलातल्या वाटा फोटोत भारी दिसतात. तिथं थेट सायकली घातल्या तर?
— धरमपेठ

उत्तर : घालायच्या नाहीत. अभयारण्यात आणि व्याघ्र प्रकल्पात परवानगीशिवाय शिरणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. राखीव जंगलातही वाटेल तिथून घुसता येत नाही. पण कायद्याहून मोठं कारण म्हणजे ते घर दुसऱ्यांचं आहे. नागपूरभोवती पेंच, बोर आणि उमरेड-पवनी-करांडला आहेत, आणि वाघ त्यांच्यामधून ये-जा करतात, म्हणजे हद्दीच्या बाहेरूनही. गोरेवाड्याच्या रानात बिबट्या आहे. सायकल आवाज न करता वेगानं येते. वळणावर अचानक समोर आलेल्या सायकलीनं जनावर दचकतं, आणि दचकलेल्या जनावराचा भरवसा नाही.

जंगलाची भूक भागवायची असेल तर अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात जा. तिथं शुल्क भरून सायकल चालवता येते, वेळ गेटवर विचारा. बाकी वाडी, हिंगणा, फेटरीकडच्या पांदणी आहेतच. उन्हं कलायच्या आत, पाचपर्यंत परतीला लागा. जानेवारीच्या सुरुवातीला पावणेसहाला सूर्य गेलेला असतो, आणि संधिप्रकाशात रोही (नीलगायी) आणि रानडुकरं वाटेवर येतात.

पांदणीवर मात्र एक गोष्ट जिवाची आहे. हिवाळ्यात हरभरा, गहू रानडुकरांपासून वाचवायला शेतकरी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तारा ओढतात. काहींत झटका मशीनचा करंट असतो, आणि काही ठिकाणी लोक चोरून थेट विजेचा प्रवाहही सोडतात. धुऱ्यावरून सायकल उचलून शॉर्टकट मारायचा नाही, तारेला हात लावायचा नाही, तार ‘बंद दिसते’ म्हणून तर मुळीच नाही. वावराच्या तोंडाशी बोरी-बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या असल्या तर वाट बंद आहे असं समजा आणि मागे वळा. बैलगाडी आली तर उतरून कडेला उभे राहा. कापूस वेचणाऱ्या बायका दिसल्या तर फोटो काढण्याआधी राम राम घाला आणि विचारा. वावरातली माणसं रात्रभर जागलीला बसलेली असतात. आपण त्यांच्या वाटेनं जातो, ती आपल्या वाटेत आलेली नसतात. आमच्या टोळीला कितीतरी वेळा वावरातला ओला हरभरा मिळाला, तो याच ओळखीतून. न विचारता एक घाटाही तोडायचा नाही.

प्रश्न : संक्रांतीच्या आठवड्यात सायकल चालवावी की नाही? घरचे सोडत नाहीत.
— महाल

उत्तर : घरच्यांचं बरोबर आहे. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी आपल्या शहरात तो दर जानेवारीत रस्त्यांवर लोंबकळताना दिसतो. गळा कापल्याच्या बातम्याही दर वर्षी येतात. आमची टोळी संक्रांतीच्या दिवशी घरीच असते. त्या आठवड्यात निघालोच तर उजाडल्या-उजाडल्या, आकाशात पतंग चढायच्या आत, आणि दहाच्या आत घरी. गळ्याभोवती जाड मफलर, तोही जॅकेटच्या आत खोचलेला, त्यावर चेन बंद. उड्डाणपूल टाळायचे. तिथं वेगही जास्त असतो आणि आडवा आलेला मांजा दिसतही नाही.

सण संपला म्हणून धोका संपत नाही. तुटलेला मांजा पुढचे दोन-तीन आठवडे झाडांवरून, तारांवरून खाली उतरत असतो. तो मागच्या चाकाच्या हबमध्ये आणि गिअरच्या छोट्या चाकांत गुंडाळला जातो. तसाच चालवत राहिलात तर सील फाटतं. चाक जड वाटलं की थांबून खाली बघा. बॅगेत छोटी कात्री ठेवा. काढलेला मांजा तिथं टाकू नका, तुकडे करून पिशवीत भरून घरी आणा, नाहीतर तो एखाद्या घुबडाच्या पंखात अडकेल. आमच्यातला प्रत्येक जण फेब्रुवारीपर्यंत ती पिशवी बाळगतो.